सर हेन्री ‘टिम’ बर्किन आणि रेडिएटरपुढचा भाता

इंजिनाला जितकी अधिक हवा मिळेल तितकी त्याची शक्ती वाढते, हे मोटार शर्यतींच्या जगातील जुने तत्त्व आहे. परंतु ही वाढीव हवा आत ओढणारे यंत्र आकाराने मोठे असते आणि ते बॉनेटखाली मावत नाही. अशा वेळी काय कापायचे आणि काय तसेच ठेवायचे, हा प्रश्न निर्माण होतो. आज अनेक हौशी कारागीर बॉनेटच्या पत्र्याला भोक पाडून हा प्रश्न सोडवितात. सुमारे शतकापूर्वी इंग्लंडमध्ये एका शर्यतपटूपुढे हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्याचे उत्तर इतके सोपे नव्हते. त्या उत्तरापायी एका कारखान्यात दोन तट पडले, मोठी संपत्ती खर्ची पडली आणि मोटारींच्या इतिहासातील एक अविस्मरणीय गाडी जन्माला आली. त्या शर्यतपटूचे नाव सर हेन्री बर्किन. जग त्यांना ‘टिम’ बर्किन या नावाने ओळखते.

हेन्री राल्फ स्टॅन्ली बर्किन यांचा जन्म २६ जुलै १८९६ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. नॉटिंगहॅम हे त्या काळी लेस विणण्याच्या उद्योगाचे मोठे केंद्र होते आणि बर्किन घराणे या उद्योगात अग्रेसर होते. हेन्री यांचे आजोबा थॉमस आयझॅक बर्किन यांना १९०५ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली होती. घरात पैशाची कमतरता नव्हती. मुलांच्या एका लोकप्रिय चित्रकथेतील टायगर टिम या पात्रावरून लहान हेन्रीला ‘टिम’ हे टोपणनाव मिळाले आणि ते अखेरपर्यंत टिकले.

शरीराने लहानखुरे, बोलताना किंचित अडखळणारे, वागण्यात सौम्य असे हे गृहस्थ मोटारीच्या चाकामागे बसले की पूर्णपणे बदलून जात. गळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा निळा रेशमी रुमाल ही त्यांची खूण होती. गाडी जपून चालविणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांच्या हाती दिलेल्या गाडीकडून ते शेवटच्या थेंबापर्यंत वेग वसूल करीत. पुढे त्यांच्या आयुष्यात जे घडले त्याचे मूळ बऱ्याच अंशी याच स्वभावात होते.

पहिल्या महायुद्धात बर्किन ‘रॉयल फ्लाइंग कोअर’ या ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. त्यांची नेमणूक पॅलेस्टाइनमध्ये झाली. तेथे त्यांना हिवताप जडला. हा आजार त्यांच्या शरीरातून कधीच पूर्णपणे गेला नाही आणि पुढे त्यांच्या मृत्यूच्या वेळी त्याचा उल्लेख पुन्हा झाला.

युद्धानंतर १९२१ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी त्यांनी ब्रुकलँड्स येथे शर्यतीत भाग घेण्यास प्रारंभ केला. इंग्लंडच्या सरे परगण्यातील ब्रुकलँड्स हा खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला जगातील पहिला मार्ग. तो १९०७ मध्ये खुला झाला होता. काँक्रीटच्या या मार्गावरील वळणे कढईच्या कडेप्रमाणे उंच उचललेली होती. बर्किन यांची पहिली गाडी डीएफपी या फ्रेंच कंपनीची होती. योगायोग असा की, याच डीएफपी गाड्यांची लंडनमधील विक्री पूर्वी वॉल्टर ओवेन बेंटली आणि त्यांचे बंधू करीत असत. परंतु घरच्यांचा विरोध आणि व्यवसायाची जबाबदारी यांमुळे बर्किन यांना लवकरच शर्यती सोडाव्या लागल्या.

१९२७ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी ब्रुकलँड्सच्या सहा तासांच्या शर्यतीत ३ लिटर इंजिनाची बेंटली घेऊन ते पुन्हा मैदानात उतरले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांचा धाकटा भाऊ आर्ची याचा ‘आइल ऑफ मॅन’ बेटावर मोटारसायकल शर्यतीच्या सरावात मृत्यू झाला. सरावाच्या वेळी रस्ते रहदारीसाठी खुले असत. समोरून आलेल्या मासळीच्या गाडीला चुकविताना आर्चीची मोटारसायकल घसरली. या अपघातानंतर १९२८ पासून सरावासाठीही रस्ते बंद ठेवण्यात येऊ लागले आणि अपघाताच्या जागेला बर्किन यांचेच नाव मिळाले. भावाच्या मृत्यूनंतरही टिम बर्किन थांबले नाहीत. आता शर्यत हेच त्यांचे जीवन बनले.

त्या सुमारास बेंटली कंपनीची कीर्ती शिखरावर होती. वॉल्टर ओवेन बेंटली यांनी १९१९ मध्ये ही कंपनी स्थापन केली. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या या अभियंत्याची भिस्त भक्कमपणावर होती. त्यांच्या गाड्या जड असत, पण तासन्तास न थकता धावत. फ्रान्समधील ले मान्स येथे होणारी २४ तासांची शर्यत अशा गाड्यांसाठीच होती. मात्र कंपनीपाशी पैशाची नेहमीच चणचण असे. १९२६ मध्ये वुल्फ बार्नाटो यांनी कंपनीत भांडवल घातले आणि ते अध्यक्ष झाले. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींवर धनाढ्य झालेल्या बार्नी बार्नाटो यांचे हे चिरंजीव स्वतः उत्तम शर्यतपटू होते. या बदलामुळे बेंटली यांचे नाव कंपनीवर राहिले, पण अंतिम शब्द त्यांचा राहिला नाही. बार्नाटो, बर्किन आणि त्यांच्या मित्रमंडळाला वृत्तपत्रांनी ‘बेंटली बॉइज’ असे नाव दिले होते.

१९२८ च्या ले मान्स शर्यतीत बर्किन साडेचार लिटरची बेंटली घेऊन उतरले. त्यांचे जोडीदार होते अनुभवी फ्रेंच शर्यतपटू झाँ शासान्य. शर्यत रंगात असताना बर्किन यांच्या गाडीचे मागचे टायर फुटले आणि त्याच्या चिंध्या चाकाभोवती गुंडाळल्या गेल्या. वजन कमी करण्यासाठी गाडीतील जॅक आधीच काढून टाकलेला होता. बर्किन यांनी टायरचे तुकडे कापून काढले आणि नुसत्या चाकावर गाडी हाकली. अखेर चाकानेही दम तोडला आणि गाडी खड्ड्यात गेली. बर्किन धावत तळावर आले. तेव्हा चाळिशी ओलांडलेले शासान्य एक शब्दही वाया न घालविता जॅक घेऊन गाडीकडे पळत गेले आणि त्यांनी ती परत आणली. इतका वेळ गमावूनही ही जोडी पाचवी आली. बर्किन यांनी अखेरच्या फेरीत वेगाचा नवा विक्रम नोंदविला. ती शर्यत बार्नाटो आणि बर्नार्ड रुबिन यांनी दुसऱ्या बेंटलीतून जिंकली.

या यशानंतरही बर्किन यांना एक चिंता सतावत होती. साडेचार लिटरची बेंटली दणकट असली तरी पुढच्या काळात तिचा वेग पुरेसा पडणार नाही, असे त्यांना वाटत होते. इटली, फ्रान्स आणि जर्मनीतील कारखाने इंजिनांना सुपरचार्जर जोडू लागले होते. इंग्लंडची गाडी मागे पडू नये, ही त्यांची तळमळ होती.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे समजण्यासाठी लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणावा. भट्टीतील कोळसा आपोआप जळतो खरा, पण भात्याने हवा मारली की तोच कोळसा लालबुंद होतो. साधे इंजिन दट्ट्या खाली सरकताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावरच चालते. सुपरचार्जर ही हवा दाबून आत ढकलतो. हवा वाढली की तिच्यासोबत अधिक पेट्रोल जाळता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून कितीतरी अधिक शक्ती मिळते. मात्र त्याबरोबर उष्णता वाढते, सुट्या भागांवरील ताण वाढतो आणि इंधनाचा खपही वाढतो.

वॉल्टर ओवेन बेंटली यांचा या यंत्राला ठाम विरोध होता. अधिक शक्ती हवी असेल तर मोठे इंजिन बांधावे, असे त्यांचे मत होते. त्यानुसार त्यांनी साडेसहा लिटरच्या इंजिनाची ‘स्पीड सिक्स’ तयार केली होती. बाहेरून हवा कोंबणे म्हणजे विचारपूर्वक केलेल्या रचनेत बिघाड आणणे होय, अशी त्यांची धारणा होती. हा केवळ अभियंत्याचा अहंकार नव्हता. २४ तास चालणाऱ्या शर्यतीत सर्वात वेगवान गाडीपेक्षा शेवटपर्यंत टिकणारी गाडी जिंकते, हा त्यांचा अनुभव होता.

बर्किन यांनी मग बार्नाटो यांच्याकडे दाद मागितली. बार्नाटो यांनी बर्किन यांच्या बाजूने कौल दिला. सुपरचार्जरचा आराखडा करण्याचे काम ॲम्हर्स्ट व्हिलियर्स या तरुण आणि कल्पक अभियंत्याकडे सोपविण्यात आले. बेंटली यांना अध्यक्षांचा निर्णय मान्य करावा लागला, परंतु त्यांनी एका गोष्टीला साफ नकार दिला. सुपरचार्जर सामावून घेण्यासाठी आपल्या इंजिनात फेरफार करू देण्यास ते तयार नव्हते.

येथेच त्या गाडीचे रूप ठरले. सुपरचार्जर इंजिनाच्या कुशीत बसवायचा तर इंजिनाच्या रचनेला हात लावावा लागला असता. ती वाट बंद होती. बॉनेटच्या पत्र्याखाली इतक्या मोठ्या यंत्रासाठी रिकामी जागा नव्हती. उरली ती एकच जागा, ती म्हणजे गाडीचे तोंड. चासीचे दोन दांडे रेडिएटरच्याही पुढे आलेले होते. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सुपरचार्जर बसविण्यात आला. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकालाच तो जोडण्यात आला, त्यामुळे इंजिन फिरू लागताच तोही फिरू लागे. आत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर, उष्णता बाहेर टाकण्यासाठी कवचावर उभ्या पट्ट्या आणि बाजूला दोन मोठे एसयू कार्ब्युरेटर अशी त्याची रचना होती. दाबलेले मिश्रण नळीवाटे मागे इंजिनाकडे जाई. ज्या घरमालकाने भिंत पाडू दिली नाही त्याच्या घरापुढे पडवी काढावी, तसा हा प्रकार होता.

या उपायाचे परिणाम दोन्ही प्रकारचे झाले. ४,३९८ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती शर्यतीसाठी तयार केलेल्या साध्या गाडीत सुमारे १३० अश्वशक्ती होती. सुपरचार्जरसह ती सुमारे २४० अश्वशक्तीवर गेली. दुसऱ्या बाजूला, आधीच जड असलेल्या गाडीच्या नाकावर आणखी वजन आले. वळणावर गाडी सरळच जाऊ पाही आणि तिला वळविण्यासाठी चालकाला दोन्ही हातांचे बळ लावावे लागे. पेट्रोलचा खप प्रचंड वाढला. वाढलेल्या ताणामुळे इंजिनाचे भाग निकामी होण्याचे प्रमाणही वाढले. लोकांनी या गाडीला ‘ब्लोअर बेंटली’ म्हणायला सुरुवात केली.

हे काम बेंटलीच्या मुख्य कारखान्यात झाले नाही. बर्किन यांनी लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटी येथे स्वतःची कार्यशाळा उभारली. अभियंता क्लाइव्ह गॅलप यांनी तेथील कामाला आकार दिला. बर्किन यांची स्वतःची संपत्ती या कामात झपाट्याने संपत गेली. अशा वेळी डोरोथी पॅजेट त्यांच्या मदतीला आल्या. लॉर्ड क्वीनबरो यांच्या या कन्येला आईकडून अमेरिकेतील व्हिटनी घराण्याच्या संपत्तीचा वारसा मिळाला होता. पुढे त्यांच्या ‘गोल्डन मिलर’ या घोड्याने घोड्यांच्या शर्यतींत मोठे नाव कमावले. पॅजेट यांनी बर्किन यांच्या संघाचा खर्च उचलला.

ले मान्सच्या नियमांमुळे आणखी एक अडचण उभी राहिली. तेथे उतरणारी गाडी ग्राहकांना विकली जाणाऱ्या प्रकारची असणे आवश्यक होते. त्यासाठी सुपरचार्जर असलेल्या ५० गाड्या बांधाव्या लागणार होत्या. बार्नाटो यांनी तीही मंजुरी दिली. संघाच्या गाड्या धरून एकूण ५५ ब्लोअर बेंटली तयार झाल्या. पैशाच्या विवंचनेत असलेल्या कंपनीवर हा मोठाच भार होता. आपल्याला नको असलेली गाडी आपल्याच नावाने विकली जाताना पाहणे बेंटली यांच्या नशिबी आले.

१९२९ च्या ले मान्स शर्यतीपर्यंत ब्लोअर बेंटली तयार होऊ शकली नाही. त्यामुळे बर्किन यांनी बार्नाटो यांच्यासोबत ‘स्पीड सिक्स’ चालविली आणि शर्यत जिंकली. पहिले चारही क्रमांक बेंटली गाड्यांनी पटकावले. बर्किन यांचे बेंटलीतील सर्वात मोठे यश त्यांनी ज्या विचाराला विरोध केला त्याच विचाराच्या गाडीतून मिळाले.

त्यानंतर काही दिवसांतच, जून १९२९ च्या अखेरीस ब्लोअर बेंटली ब्रुकलँड्स येथे प्रथम शर्यतीत उतरली, पण तिला माघार घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये अल्स्टरमधील ‘टुरिस्ट ट्रॉफी’ शर्यतीत बर्किन यांच्या शेजारी सोबतीचा मेकॅनिक म्हणून खुद्द वॉल्टर ओवेन बेंटली बसले. ज्या यंत्राला त्यांनी विरोध केला त्याच यंत्राच्या मागे बसून त्यांनी ती खडतर शर्यत अनुभवली. मतभेद असूनही या दोघांत परस्परांविषयी आदर कायम होता, याची ही साक्ष म्हणता येईल.

याच काळात बर्किन यांनी ब्रुकलँड्ससाठी एक आसनी ब्लोअर बेंटली तयार करविली. तिच्या सडपातळ बॉडीचा आराखडा रीड रेल्टन यांनी केला होता. ही बॉडी सुरुवातीला कापडाने मढविलेली होती. १९२९ मधील ५०० मैलांच्या शर्यतीत धुराड्याच्या नळीला तडा गेला आणि बॉडीने पेट घेतला. बर्किन थोडक्यात बचावले. त्यानंतर कापड काढून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी बसविण्यात आली. अधिक शक्ती मिळविली की तिच्यापासून गाडीचे रक्षणही करावे लागते, हा धडा त्यांनी असा शिकला.

जून १९३० मधील ले मान्स शर्यत ही या सर्व प्रयत्नांची खरी परीक्षा होती. रुडॉल्फ काराचोला आणि ख्रिस्तियान वेर्नर हे ७ लिटरहून मोठ्या इंजिनाची मर्सिडीज-बेंझ घेऊन आले होते. त्या गाडीलाही सुपरचार्जर होता. मात्र तो सतत चालत नसे, चालकाने पेडल पूर्ण दाबले की मगच सुरू होई. बेंटलीच्या ‘स्पीड सिक्स’ गाड्या आणि बर्किन यांच्या ब्लोअर गाड्या असे दोन संघ इंग्लंडकडून उतरले होते.

सुरुवातीलाच काराचोला आघाडीवर गेले. बर्किन यांनी त्यांचा पाठलाग सुरू केला. लांबलचक सरळ रस्त्यावर मर्सिडीजने मधला भाग व्यापला होता. बर्किन यांनी एका बाजूची चाके गवतावर घातली आणि गाडी पुढे काढली. त्या वेळी त्यांच्या मागच्या टायरचा वरचा थर सुटून उडाला होता, तरीही त्यांनी वेग कमी केला नाही. त्या दिवशी त्यांनी ६ मिनिटे ४८ सेकंदांत एक फेरी पूर्ण केली. ताशी सुमारे १४४ किलोमीटरचा हा वेग त्या शर्यतीतील सर्वोच्च ठरला. पुढे ‘स्पीड सिक्स’ गाड्यांनीही मर्सिडीजवर दबाव कायम ठेवला आणि रात्री ती गाडी शर्यतीबाहेर पडली.

परंतु ब्लोअर गाड्यांनाही शेवट गाठता आला नाही. बर्किन आणि शासान्य यांची गाडी रविवारी निकामी झाली, संघाच्या दुसऱ्या गाडीचीही तीच गत झाली. बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांच्या ‘स्पीड सिक्स’ने शर्यत जिंकली, दुसरा क्रमांकही ‘स्पीड सिक्स’चाच होता. मर्सिडीजला थकविण्यासाठी बर्किन यांनी जाणूनबुजून आपल्या गाडीचा बळी दिला की, तो केवळ त्यांच्या स्वभावाचा भाग होता, यावर इतिहासकारांत एकमत नाही. निकाल मात्र स्पष्ट होता. टिकाऊपणाच्या परीक्षेत बेंटली यांचे म्हणणे खरे ठरले होते.

तरीही ब्लोअर बेंटलीची सर्वात मोठी कामगिरी अद्याप बाकी होती. सप्टेंबर १९३० मध्ये दक्षिण फ्रान्समधील पो या शहरात फ्रेंच ग्रां प्री शर्यत झाली. हलक्या आणि चपळ बुगाटी गाड्यांच्या मेळ्यात बर्किन आपली चार आसनी, अवाढव्य बेंटली घेऊन दाखल झाले. गाडीचे दिवे आणि चिखलरोधक पंखे काढून टाकण्यात आले होते. एवढा फरक वगळता ती रस्त्यावर चालणारी प्रवासी गाडीच होती. बुगाटीचे फिलिप एतांसलँ विजयी झाले आणि बर्किन यांनी दुसरा क्रमांक पटकावला. अशा गाडीने ग्रां प्रीमध्ये मिळविलेले हे स्थान आजही आश्चर्याने सांगितले जाते.

मात्र आनंदाचे हे दिवस टिकले नाहीत. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये डोरोथी पॅजेट यांनी संघाचा पाठिंबा काढून घेतला. केवळ एक आसनी गाडीचा खर्च त्यांनी पुढे चालू ठेवला. जागतिक मंदीने महागड्या गाड्यांची बाजारपेठ मोडून पडली. जुलै १९३१ मध्ये बेंटली कंपनीवर प्रशासक नेमला गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. ५० ब्लोअर गाड्यांनी कंपनीच्या पैशाला आणि टिकाऊपणाच्या लौकिकाला धक्का पोहोचविला, असे वॉल्टर ओवेन बेंटली पुढील आयुष्यातही मानत राहिले. एवढ्या मोठ्या पडझडीला केवळ तेच एक कारण होते, असे मात्र म्हणता येत नाही.

१९३१ मध्ये वडिलांच्या निधनानंतर बर्किन यांना बॅरोनेट पदवी मिळाली आणि ते सर हेन्री झाले. पदवी मिळाली तरी हाती पैसा उरला नव्हता. ब्रिटिश गाडीसाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या या शर्यतपटूला आता परदेशी गाड्यांकडे वळावे लागले. त्याच वर्षी अर्ल हाऊ यांच्यासोबत इटलीच्या अल्फा रोमिओ गाडीतून त्यांनी ले मान्स शर्यत दुसऱ्यांदा जिंकली. या शर्यतीत प्रथमच ३,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापले गेले. अल्फा रोमिओच्या इंजिनालाही सुपरचार्जर होता, परंतु ते इंजिन सुरुवातीपासून त्यासाठीच रचलेले होते. हवा दाबून भरण्याची कल्पना चुकीची नव्हती, ती दुसऱ्याच्या रचनेवर बाहेरून लादली गेली होती, एवढाच या विजयाचा अर्थ काढता येतो.

२४ मार्च १९३२ रोजी बर्किन यांनी एक आसनी ब्लोअर बेंटली ब्रुकलँड्सच्या काँक्रीटवर ताशी १३७.९६ मैल, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर वेगाने पळविली. फेरीचा हा विक्रम १९३४ पर्यंत अबाधित राहिला. तो मोडला जॉन कॉब यांनी. याच कॉब यांच्याशी १९३२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या तीन फेऱ्यांच्या द्वंद्वात बर्किन यांनी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने बाजी मारली होती. उंचसखल झालेल्या त्या मार्गावर गाडीची चाके जागोजागी जमीन सोडत. त्याच वर्षी बर्किन यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ब्रिटिश मोटार शर्यतींकडे देशात होत असलेल्या दुर्लक्षाबद्दलची खंत त्यात व्यक्त झाली आहे.

७ मे १९३३ रोजी लिबियातील त्रिपोली येथे ग्रां प्री शर्यत झाली. त्या वेळी लिबिया इटलीच्या ताब्यात होता. बर्नार्ड रुबिन यांच्या मालकीची नवी मासेराती घेऊन बर्किन या शर्यतीत उतरले आणि त्यांनी तिसरा क्रमांक मिळविला. गाडी थांबलेली असताना सिगारेटचा लाइटर घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि त्यांचा हात तापलेल्या धुराड्याच्या नळीला लागून भाजला. जखम किरकोळ वाटली, म्हणून त्यांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मायदेशी परतल्यावर त्यांची प्रकृती खालावत गेली. २२ जून १९३३ रोजी लंडन येथील शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे ३६ वर्षांचे होते. भाजलेल्या जखमेतून रक्तात विष भिनले, असे अनेकांनी नोंदविले आहे. युद्धकाळातील हिवतापाने पुन्हा डोके वर काढले, असेही काही अभ्यासक मानतात. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वीच्या त्या काळात दोन्ही गोष्टी प्राणघातक ठरू शकत होत्या. नॉरफोक परगण्यातील ब्लेकनी या किनाऱ्यावरील गावी त्यांचे दफन करण्यात आले. ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगात अनेकदा मृत्यूला हुलकावणी देणारा हा माणूस उभ्या गाडीपाशी झालेल्या जखमेनंतर आजारी पडून गेला.

बर्किन यांच्या मृत्यूनंतर ब्लोअर बेंटलीची कीर्ती कमी होण्याऐवजी वाढतच गेली. कादंबरीकार इयन फ्लेमिंग यांनी १९५३ मध्ये जेम्स बाँड हे पात्र निर्माण केले, तेव्हा त्याला ॲम्हर्स्ट व्हिलियर्स यांचा सुपरचार्जर असलेली साडेचार लिटरची बेंटली दिली. १९९५ मध्ये बीबीसीने बर्किन यांच्या जीवनावर दूरचित्रपट सादर केला, त्यात रोवन ॲटकिन्सन यांनी त्यांची भूमिका केली. २०१२ मध्ये विक्रमी एक आसनी गाडी इंग्लंडमधील लिलावात ५० लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. २०१९ मध्ये बेंटली कंपनीने बर्किन यांच्या संघातील एका मूळ गाडीचे सुटे भाग लेसर किरणांनी मोजून तिच्यासारख्या १२ नव्या गाड्या बांधण्याची घोषणा केली. ज्या गाडीला कंपनीच्या संस्थापकाने कधी आपले मानले नाही, तीच कंपनीच्या वैभवाची खूण ठरली.

या वादात बरोबर कोण होते, या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही. ब्लोअर बेंटलीने एकही मोठी शर्यत जिंकली नाही, हे खरे आहे. शेवटपर्यंत टिकणारी गाडीच जिंकते, हे वॉल्टर ओवेन बेंटली यांचे सूत्र ले मान्सने खरे ठरविले. परंतु इंजिनाला दाबून हवा देण्याचा जो मार्ग बर्किन यांनी धरला, तोच मार्ग पुढील काळात जगभरातील मोटार उद्योगाने स्वीकारला. आज रस्त्यावर धावणाऱ्या असंख्य गाड्यांत, विशेषतः डिझेल गाड्यांत, टर्बोचार्जर याच तत्त्वावर काम करतो. ही यंत्रे आता बॉनेटखाली सहज मावतात, कारण त्यांच्यासाठीची जागा आराखड्यातच राखून ठेवलेली असते.

बर्किन यांना तशी जागा कोणी राखून ठेवली नव्हती. इंजिनाला हात लावण्याची परवानगी नव्हती, बॉनेटखाली वाव नव्हता, म्हणून त्यांनी आपला भाता गाडीच्या तोंडावर, सर्वांना दिसेल असा बसविला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ब्लोअर बेंटली उभी असली की लोक आधी रेडिएटरपुढच्या त्या यंत्राजवळ थांबतात. एका अभियंत्याचा नकार आणि एका शर्यतपटूचा हट्ट यांतून घडलेली ती जागा सर हेन्री बर्किन यांचे खरे स्मारक होय.